एकोणसत्तर हजार आठशे अठ्ठ्याऐंशी

झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाचा जीव अनेकदा हौसेपायीच जातो. माळा आवरताना खोकं सापडतं, धूळ झटकली जाते. मूळ ॲडॅप्टर कुठे गेला ते कुणाला आठवत नाही, मग हाताला येईल तो नऊ व्होल्टचा लावून बटण दाबलं जातं. हल्लीच्या बहुतेक ॲडॅप्टरमध्ये पिनेचा आतला भाग धन असतो. स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअरने तो ऋण ठेवला होता. वीज उलटी शिरते, आधी व्होल्टेज सांभाळणारे भाग जातात आणि त्यांच्या मागोमाग मेमरीच्या चिप.

अशी गेलेली यंत्रं पुण्यातल्या एका निवृत्त इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरच्या घरी येऊन पडतात. बाल्कनी बंद करून केलेली खोली, त्यात टेबल, मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप आणि एक जुना टीव्ही. दार उघडताच राळेचा वास येतो. सोल्डर वितळताना फ्लक्समधून निघणारा, किंचित गोडसर, घशाला लागणारा. पडद्यांत, उशांत, या इंजिनिअर काकांच्या शर्टात तो मुरला आहे आणि घरच्यांनी त्याबद्दल बोलणं केव्हाच सोडून दिलं आहे. रविवारी इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी येतो. तो जन्मला तेव्हा या यंत्राचं उत्पादन थांबून बरीच वर्षं झाली होती.

स्पेक्ट्रम केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने २३ एप्रिल १९८२ रोजी बाजारात आणला. १६ के मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केचा १७५ पौंडांना. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन १९८६ मध्ये त्याची 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' ही आवृत्ती आणली. त्याआधी, १९८४ पासून, सरकारच्या 'क्लास' योजनेतून निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले होते. पण ते शाळेच्या कुलपात. स्पेक्ट्रम घरच्या टीव्हीला जोडता यायचा, म्हणून त्याच्यावर जीव जडला.

दुरुस्तीत गूढ फारसं नाही. वाळलेले कपॅसिटर बदलायचे, कीबोर्डखालचा तडकलेला मेम्ब्रेन काढून नवा घालायचा, टीव्हीच्या सिग्नलसाठीचा मॉड्युलेटर टाळून व्हिडिओची वायर सरळ बाहेर काढायची. किरकोळ सामान पुण्याच्याच तपकीर गल्लीत मिळतं, मेम्ब्रेन परदेशातून मागवावा लागतो.

मेमरी मात्र वेळ खाते. खालच्या १६ केसाठी ४११६ जातीच्या आठ चिप असतात आणि त्यांना तीन वेगवेगळी व्होल्टेज लागतात: अधिक बारा, अधिक पाच आणि उणे पाच. उणे पाच नाहीसं झालं की चिप जळायला लागतात. म्हणून काका नवी चिप बसवण्याआधी तिन्ही व्होल्टेज पुन्हा पुन्हा मोजतात; विद्यार्थी घाई करतो आणि ओरडा खातो.

वरच्या ३२ केची गोष्ट आणखी मजेशीर. सिंक्लेअरने त्यासाठी ६४ किलोबिटच्या अशा चिप घेतल्या, ज्यांचा अर्धा भाग कारखान्यातल्या चाचणीत नापास झालेला होता. धडका अर्धा कोणता, हे बोर्डावरच्या एका लिंकने ठरवायचं. कंजूषपणा म्हणा की कारागिरी. काकांना त्यात फरक दिसत नाही. "नापास मुलांची शाळा चालवली त्याने, आणि निकाल चांगला लावला," ते म्हणतात.

काचेच्या कपाटात ठेवलेला स्पेक्ट्रम त्यांना पाहवत नाही. चालू न करता नुसता जमवायचा तर पोस्टाची तिकिटं काय वाईट, असा त्यांचा सवाल. तो पटतो. कारण या छंदातला सगळ्यात रंगतदार भाग यंत्र सुरू झाल्यावर उघडतो, आणि तिथे एकच आकडा राज्य करतो. टीव्हीच्या वर पुठ्ठ्यावर तो लिहून ठेवलाय: ६९,८८८.

यातला झेड-८० प्रोसेसर सेकंदाला ३५ लाख ठोके देतो आणि पडद्यावरचं चित्र सेकंदाला सुमारे पन्नासदा नव्याने रेखाटलं जातं. एका चित्राच्या वाट्याला ६९,८८८ ठोके येतात. अगदी साध्या सूचनेलाही चार ठोके लागतात. १९८३ साली 'मॅनिक मायनर' हा खेळ लिहिणाऱ्या किशोरवयीन मॅथ्यू स्मिथलाही एवढेच ठोके मिळत होते.

विद्यार्थ्याला पडद्यावरून मराठी अक्षरं सरकवायची आहेत. स्पेक्ट्रमचं अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांचं. त्यात इंग्रजी सुखाने बसतं, पण वर वेलांटी नि खाली उकार आला की देवनागरी गुदमरते. त्याने प्रत्येक अक्षराला उभे सोळा ठिपके दिले. अक्षरं सुरेख दिसू लागली, पण सरकताना फाटू लागली. प्रत्येक वेळी तो आधी सगळा पडदा पुसत होता. पडद्याचे ठिपके ६,१४४ बाइटांत असतात आणि त्याची 'एलडीआयआर' ही सूचना बाइटमागे २१ ठोके खात होती. म्हणजे १,२९,०२४.

"किती आहेत आपल्याकडे?"

"एकोणसत्तर हजार आठशे अठ्ठ्याऐंशी, काका."

"मग?"

उपाय जुन्या लोकांनी शोधून ठेवलेला आहे. स्टॅकचा पॉइंटर पडद्याच्या शेवटी नेऊन ठेवायचा आणि 'पुश' करत सुटायचं. एका पुशमध्ये दोन बाइट, अकरा ठोके. हिशोब ३३,७९२ वर येतो. प्रत्यक्षात थोडा जास्त, कारण पडद्याची मेमरी चित्र काढणाऱ्या यूएलए चिपलाही त्याच वेळी हवी असते आणि ती प्रोसेसरला थांबवून ठेवते. शिवाय हे करताना इंटरप्ट बंद ठेवावे लागतात, नाहीतर परतीचा पत्ता पडद्यावरच लिहिला जातो आणि भलत्याच जागी ठिपके उमटतात. तसे ते उमटलेच. काका काही बोलले नाहीत, नव्या चिपला सोल्डर लावत राहिले. पोराने स्वतःच चूक शोधली.

फोनवर यापेक्षा हजारपट सोपं झालं असतं, हे दोघांनाही माहीत आहे. पण फोनमध्ये कुठल्या सूचनेला किती वेळ लागला, हे मोजून दाखवता येत नाही. इथे येतं, आणि चुकलं तर डोळ्यांना दिसतं. यूएलएची चिप क्रिस स्मिथ यांनी उलगडून २०१० साली तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. तेव्हापासून या यंत्रात अंधारा कोपरा जवळपास उरलेला नाही.

स्पेक्ट्रमचे गाजलेले खेळ जगभरच्या हौशी लोकांनी केव्हाच जपून ठेवले आहेत. ऐंशीच्या दशकात आपल्याकडच्या एखाद्या शिक्षिकेने लिहिलेला पाढ्यांचा प्रोग्राम, कुणा बापाने मुलीसाठी केलेला खेळ मात्र एकाच कॅसेटवर, आवाजाच्या रूपात असतो. तेव्हा माळ्यावर असं खोकं असेल तर ॲडॅप्टर जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय लावू नका, आणि सोबतच्या कॅसेटवर नव्याने गाणी भरण्याआधी किंवा ती भंगारात देण्याआधी तिचा आवाज संगणकात उतरवून घ्या.