चिखलातून येणारी खबर

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर, समुद्रतळाखालच्या चुनखडकात 1974 साली ‘सागर सम्राट’ या रिगने तेल शोधले. अशा विहिरीत बिट, म्हणजे खडक खोदणारे टोक, कोणत्या थरात शिरले, याची पहिली खबर ड्रिलिंगच्या चिखलातून वर येते. ती वाचणे हे मड लॉगरचे काम.

पंपाने पाइपमधून खाली सोडलेला चिखल बिटमधून बाहेर पडतो आणि पाइपभोवतीच्या पोकळीतून खडकाचा चुरा व वायू घेऊन वर येतो. तळापासून वर येण्याच्या या वेळेला लॅग म्हणतात. सगळ्या वाचनाची मदार त्याच्यावर आहे. पोकळीच्या घनफळाला पंपाच्या प्रवाहाने भागले की लॅग निघतो. पण भोकाच्या भिंती ढासळून ते रुंद झाले, की हा हिशेब फसतो. बिट तासाला 20 मीटर खोदत असेल आणि लॅग 15 मिनिटांनी चुकला, तर वायूची नोंद 5 मीटर सरकते. पातळ थर तेवढ्यात निसटतो. म्हणून अधूनमधून पाइपमध्ये कॅल्शियम कार्बाइड टाकतात. त्यापासून बनलेला ॲसिटिलीन वर कधी पोहोचला ते पाहून, पाइपमधून उतरण्याचा वेळ वजा करून, खरा लॅग काढतात.

वर चाळणीपाशी गॅस ट्रॅपचे पाते चिखल घुसळून वायू मोकळा करते. क्रोमॅटोग्राफ मिथेनपासून पेंटेनपर्यंतचे घटक वेगवेगळे मोजतो. एकूण वायूपेक्षा या घटकांचे प्रमाण जास्त बोलके असते. पिक्सलर या तज्ज्ञाने 1969 मध्ये दिलेल्या पट्ट्यांनुसार मिथेन इथेनच्या 2 ते 15 पट असेल तर तेलाची शक्यता, 15 ते 65 पट असेल तर वायूची. पण एकट्या आकड्यावर विसंबू नये, कारण कोळशाच्या थरातही बिट वेगाने उतरते आणि वायूही वाढतो. ड्रिलिंगचा वाढलेला वेग, वायूची उसळी आणि अतिनील प्रकाशात चमकणारा चुरा एकाच खोलीवर जुळले, तरच थरावर बोट ठेवता येते.

अडचणी मात्र मोठ्या आहेत. जड चिखलाचा दाब वायूला खडकातच मागे ढकलतो, त्यामुळे उत्तम सच्छिद्र थरही नोंदीत फिका दिसतो. चिखल तेलाचा असेल तर चुऱ्याची चमक फसवी ठरते. कृत्रिम हिऱ्याच्या दातांचे पीडीसी बिट खडकाचे इतके पीठ करते, की चुऱ्यातून त्याची मूळ ठेवण ओळखणे कठीण जाते. पाइप जोडताना पंप थांबला की विहिरीत शिरलेला वायू नव्या थराचा भास निर्माण करतो. चिखलातून पूर्ण न सुटलेला वायू पुन्हा फिरून वर आला तरी तेच. ट्रॅपमधली चिखलाची पातळी बदलली तरी आकडे बदलतात.

या नोंदींवरून थरात तेल किती आणि ते वाहील का, हे सांगता येत नाही. ते वायरलाइन लॉग (तारेने विहिरीत उपकरणे सोडून घेतलेल्या नोंदी) आणि थराच्या प्रत्यक्ष चाचणीनंतरच ठरवावे.