प्रायश्चित्तकाळ आणि आपली प्राथमिक शाळा

भस्म बुधवार येतो तेव्हा बार्शीच्या शिवारात रब्बी ज्वारीची काढणी चालू असते, उन्हाचा कडाका वाढू लागलेला असतो आणि शाळा सकाळच्या सत्रात भरण्याचे दिवस जवळ आलेले असतात. शाळेला त्या दिवशी सुट्टी नसते. कपाळावर राखेची खूण घेतलेले मूल नेहमीप्रमाणे वर्गात बसते, पाढे म्हणते आणि मधल्या सुट्टीत डबा उघडते. येथूनच प्रश्नांना सुरुवात होते. लहान मुलांनी उपवास धरावा काय? वर्गातील इतर धर्मीय मुलांनी प्रार्थनेच्या वेळी काय करावे? दानपेटीत किती पैसे टाकावेत? सोलापूर जिल्ह्यासारख्या, कॅथलिक कुटुंबे तुरळक असलेल्या भागात हे प्रश्न पालक आणि शिक्षक या दोघांपुढेही उभे राहतात. त्यांचा क्रमाने विचार करावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

ख्रिस्तसभेचा नियम

१९८३ च्या धर्मविधिसंहितेतील १२५२ व्या कलमानुसार मांसवर्ज्य पाळण्याचे बंधन वयाची चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांवर आहे. उपवासाचे बंधन अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष सुरू होईपर्यंत आहे. उपवास म्हणजे दिवसातून एकच पूर्ण जेवण. त्याखेरीज दोन वेळा थोडेसे अन्न घेण्यास मुभा आहे. हा बंधनकारक उपवास भस्म बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोनच दिवशी असतो.

पहिली ते चौथीची मुले साधारणतः सहा ते दहा वर्षांची असतात. म्हणजेच प्राथमिक शाळेतील एकाही मुलावर यांपैकी कोणतेही बंधन नाही. अनेक पालकांना हे ठाऊक नसते. वडीलधाऱ्यांचे पाहून मूल उपाशीपोटी शाळेत जाते आणि आपण पुण्य करीत आहोत असे त्याला वाटते. सकाळच्या शाळेत, मार्चच्या उन्हात, रिकाम्या पोटी मुलाला भोवळ आली तर त्यात भक्ती कोणती? नियमानेच ज्याला मोकळे ठेवले आहे, त्याच्यावर आपण ओझे लादू नये.

मात्र त्याच कलमात पुढे आणखी एक सूचना आहे आणि ती फारशी वाचली जात नाही. वयामुळे ज्यांना बंधन नाही त्यांनाही प्रायश्चित्ताचा खरा अर्थ समजेल असे शिक्षण मिळावे, याची काळजी धर्मगुरूंनी आणि आईवडिलांनी घ्यावी, असे तेथे सांगितले आहे. मुलांना उपवासातून सूट आहे, परंतु मोठ्यांना शिकवण्याच्या कर्तव्यातून सूट नाही. शाळा या कर्तव्यात पालकांना साहाय्य करते.

मुलांना दिसणारे चाळीस दिवस

मुले शब्दांपेक्षा खुणांवरून अधिक शिकतात. पहिली खूण राखेची. गतवर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या पर्णशाखा जाळून ही राख तयार करतात. मागच्या वर्षी आपण हातात धरून मिरवलेली झावळीच आज आपल्या कपाळावर आली आहे, हे मुलाला सांगितले तर आनंद आणि पश्चात्ताप यांचे नाते त्याला वेगळे समजावून द्यावे लागत नाही. त्या दिवशीच्या पहिल्या वाचनात योएल संदेष्टा लोकांना एकत्र बोलावतो आणि त्या मेळाव्यात वृद्धांबरोबर मुलांना व अंगावर पिणाऱ्या बालकांनाही आणण्यास सांगतो. लहानांना बाजूला ठेवून प्रायश्चित्तकाळ सुरू होत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

दुसरी खूण रंगाची. वेदीवर व धर्मगुरूंच्या वस्त्रांवर जांभळा रंग येतो. तिसरी खूण न ऐकू येणाऱ्या शब्दाची. या काळात ‘आलेलुया’ गायले जात नाही, आणि पास्काच्या रात्री ते पुन्हा ऐकू येते तेव्हा मुलांच्या ते चटकन लक्षात येते. चौथी बाब गणिताची आहे व ती चौथीच्या वर्गालाही करता येते. भस्म बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत दिवस मोजले तर ते शेहेचाळीस भरतात. रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस असल्यामुळे त्यातील सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात.

शुक्रवारची क्रुसाची वाट मुलांना विशेष आवडते, कारण तिच्यात चालायचे असते. चौदा स्थानांपैकी पाचव्या स्थानी कुरेनेकर शिमोन प्रभूचा क्रूस उचलतो, तर सहाव्या स्थानी वेरोनिका त्याचा चेहरा पुसते. वेरोनिकेचा उल्लेख शुभवर्तमानात नाही, ती परंपरेतून आपल्यापर्यंत आली आहे. शिमोनाला सैनिकांनी सक्तीने लावले, वेरोनिका आपणहून पुढे झाली. सांगितल्यावर केलेली मदत आणि न सांगता केलेली मदत यांतील फरक समजावण्यासाठी शिक्षकाला याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

उपवास जाणणारे गाव

बार्शीत उपवासाचा अर्थ शेजाऱ्यांना समजावून सांगावा लागत नाही. भगवंताच्या देवळामुळे हे गाव सर्वदूर परिचित आहे. तेथील परंपरा अंबरीष राजाच्या कथेशी जोडलेली आहे. एकादशीचे व्रत करून द्वादशीला पारणे सोडू पाहणाऱ्या राजावर दुर्वास ऋषी कोपले आणि विष्णूने भक्ताचे रक्षण केले, अशी ती कथा. वर्गातील कितीतरी मुलांच्या घरी एकादशी पाळली जाते. मुस्लिम मुलांच्या घरी रोजे असतात. २०२५ साली रमजान महिना २ मार्चला सुरू झाला आणि भस्म बुधवार ५ मार्चला आला. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांच्या घरी जवळजवळ एकाच वेळी उपवास सुरू झाले होते.

अशा वेळी आपल्या मुलांनी दोन गोष्टी शिकाव्यात असे आम्हांस वाटते. पहिली, आपला उपवास श्रेष्ठ आणि दुसऱ्याचा कनिष्ठ असे मोजमाप करू नये. भस्म बुधवारच्या शुभवर्तमानात प्रभू येशू दान, प्रार्थना आणि उपवास ही तिन्ही कर्मे लोकांनी पाहावीत म्हणून करू नयेत असे बजावतो. दुसरी, विचारल्यास आपल्या उपवासाचे कारण सांगता यावे. ‘आमच्यात असते म्हणून’ हे उत्तर पुरेसे नाही. प्रभू येशू अरण्यात चाळीस दिवस राहिला, तेथे त्याची परीक्षा झाली आणि त्याच्यासोबत आम्ही पास्काच्या सणाची तयारी करतो, एवढे तिसरीच्या मुलालाही सांगता येते.

इतर धर्मीय विद्यार्थी

आपल्या शाळांतून इतर धर्मांची मुले बहुसंख्येने शिकतात. अल्पसंख्याक समाजाला स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार भारतीय संविधानाच्या तिसाव्या अनुच्छेदाने दिला आहे. अठ्ठाविसाव्या अनुच्छेदात त्याबरोबरची मर्यादाही सांगितली आहे. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत शिकणाऱ्या कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणास वा उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही, आणि विद्यार्थी अज्ञान असल्यास ही संमती पालकांची असावी लागते.

म्हणून शाळेची रीत स्पष्ट असावी. कॅथलिक मुलांसाठी धर्मशिक्षणाचा तास व क्रुसाची वाट, आणि त्याच वेळी इतरांसाठी मूल्यशिक्षणाचा तास, अशी विभागणी करता येते. भस्मविधीच्या वेळी एखादे इतर धर्मीय मूल कुतूहलाने रांगेत उभे राहिले तर त्याला रागावण्याचे कारण नाही. तथापि शिक्षकांनी त्याला प्रेमाने बाजूला घेऊन आधी घरी विचारून येण्यास सांगावे. पालकांचा आपल्यावरील विश्वास ही शाळेची मोठी ठेव आहे. कायद्याची भीती नसती तरी ती जपणे आपले कर्तव्य ठरले असते, कारण प्रभू कोणालाही बळेच आपल्यामागे नेत नाही.

दानपेटीचा प्रश्न

प्रायश्चित्तकाळात वर्गात लहानशी पेटी ठेवण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. तिची मुळे जुनी आहेत. १८४३ साली फ्रान्समधील नान्सीचे महागुरुस्वामी शार्ल द फोर्बिन-जान्सन यांनी पवित्र बालपण संघटनेची स्थापना केली. मुलांनी मुलांना साहाय्य करावे, रोज थोडी प्रार्थना करावी आणि आपल्या खाऊच्या पैशांतून थोडे बाजूला काढावे, ही त्यामागील कल्पना. आजही ही संघटना जगभर कार्य करीत आहे.

ही प्रथा चांगली असली तरी तिच्यात एक धोका आहे. कोणत्या वर्गाची पेटी अधिक भरली याची चढाओढ लागली की ज्याच्या घरी पैसे नाहीत ते मूल खाली मान घालून बसते. ते आईपाशी हट्ट करते आणि मजुरीवर जाणारी आई कोठून तरी पाच रुपये काढून देते. हे मुलाचे दान नव्हे, आईवर बसवलेला कर आहे. म्हणून पेटीवर नावे नसावीत, रकमा फळ्यावर लिहू नयेत आणि बक्षिसे तर मुळीच नसावीत. डाव्या हाताला न कळू देता उजव्या हाताने द्यावे, या शिकवणीचे पालन करण्यास वर्गखोली ही योग्य जागा आहे. ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्यालाही देता येते. अभ्यासात मागे पडलेल्या मित्राला रोज पाढे म्हणून दाखवणे, रांगेत धाकट्यांना पुढे सोडणे, नळापाशी सांडणारे पाणी बंद करणे, ही दानेच आहेत. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पाण्याची किंमत कोणालाही सांगावी लागत नाही.

उपवास आणि उपासमार

सर्वांत गंभीर बाब अजून सांगावयाची राहिली आहे. उपवास हा निवडलेला असतो, उपासमार वाट्याला आलेली असते. काही मुलांच्या घरातील मोठी माणसे साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोडीसाठी बाहेरगावी असतात. काही मुले सकाळी केवळ चहा पिऊन येतात. शासकीय व अनुदानित शाळांतील दुपारच्या आहारात प्राथमिक वर्गाच्या प्रत्येक मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा दंडक आहे. कित्येकांसाठी ते दिवसातील सर्वांत चांगले जेवण असते. अशा मुलांसमोर त्यागाचे गोडवे गाताना आपली जीभ अडखळली पाहिजे.

यशया संदेष्ट्याने अठ्ठावन्नाव्या अध्यायात याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. परमेश्वराला आवडणारा उपवास म्हणजे आपली भाकर भुकेल्याबरोबर वाटून खाणे, असा त्याचा आशय आहे. यावरून शाळेसाठी एक साधा नियम निघतो. कोणी डबा आणला नाही हे शिक्षकांनी पाहावे आणि गाजावाजा न करता त्याची सोय करावी. घरीही पालकांनी मुलाला ‘आज तू जेवू नकोस’ असे सांगण्याऐवजी ‘आज दोन भाकरी जास्त ने’ असे सांगावे. डबा वाटून खाणाऱ्या मुलाला प्रायश्चित्ताचा जो अर्थ कळतो, तो उपाशी बसलेल्या मुलाला कळेलच असे नाही.

परीक्षा आणि पवित्र सप्ताह

प्रायश्चित्तकाळाचा शेवट बहुधा वार्षिक परीक्षेच्या सुमारास येतो. २०२५ साली राज्यातील पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिल या कालावधीत ठेवण्यात आल्या होत्या आणि पवित्र सप्ताह १३ एप्रिलला सुरू झाला होता. उत्तम शुक्रवारची सार्वजनिक सुट्टी असते, परंतु आज्ञा गुरुवारी शाळा असू शकते. अभ्यासाच्या धावपळीत पायधुणीचा विधी राहून जाऊ नये यासाठी पालकांनी आधीच नियोजन करावे. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले हे मुलाने डोळ्यांनी पाहिले पाहिजे. अभ्यासही मन लावून आणि नक्कल न करता केला तर तो या काळातील एक चांगला निर्धार ठरतो.

शाळा सहा तासांची, घर मात्र अठरा तासांचे असते. मुलाला टीव्ही कमी पाहण्यास सांगून मोठ्यांनी स्वतः हातातील मोबाइल खाली न ठेवल्यास ते शिकवलेले विसरते आणि पाहिलेले लक्षात ठेवते. म्हणून आमची सर्व श्रद्धावंत पालकांना विनंती आहे की, या प्रायश्चित्तकाळात मुलांसाठी निर्धार ठरवताना त्याच वहीच्या पानावर आपलाही एक निर्धार लिहावा आणि रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेनंतर दोघांनीही आपापला हिशेब एकमेकांना सांगावा.