दुभाजक आल्यानंतरचं बीड

राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० साली बदलले आणि धुळे-सोलापूर रस्ता २११ चा ५२ झाला. जुना २११ दुपदरी होता आणि थेट बीड शहरातून जायचा. सोलापूरकडून येणारा ट्रक बार्शी नाक्यावरून आत शिरायचा, बिंदुसरा ओलांडायचा, बसस्थानकाच्या गर्दीतून वाट काढत शिवाजी महाराज चौकात यायचा आणि जालना रोडने गेवराईच्या दिशेने निघून जायचा. कन्नड घाटापासून सोलापूरपर्यंतची जड वाहतूक, काळी-पिवळी, टमटम, मोंढ्याकडे निघालेल्या बैलगाड्या आणि शाळेची पोरं, सगळी एकाच डांबरावर.

त्या रस्त्यावर राँग साइड हा वेगळा गुन्हा वाटतच नसे. समोरच्याला मागे टाकायचं तर समोरून येणाऱ्याच्या बाजूत शिरावंच लागे. मोठ्या गाडीनं डिपर मारला की लहान गाडीनं साइडपट्टीवर उतरायचं, हा अलिखित करार होता. तो क्रूर होता, पण सगळ्यांना ठाऊक होता. मांजरसुंब्याच्या घाटात तर चढणारा आणि उतरणारा एकमेकांच्या नजरेवर चालायचे. बीडच्या दोन पिढ्या गाडी चालवायला शिकल्या त्या अशा रस्त्यावर. पुढच्या दहा-बारा वर्षांत जे घडलं त्याचा हिशोब मांडताना हे ध्यानात ठेवावं लागतं, नाहीतर 'आपल्या लोकांना शिस्तच नाही' एवढं बोलून विषय संपतो.

हिशोब सुरू करायचा तर २०१४ पासून करावा. ३ जून २०१४ ची सकाळ. केंद्रात ग्रामविकास मंत्री होऊन जेमतेम आठवडा झालेले गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते. सत्कारासाठी जिल्ह्यात यायचं होतं. चौकात दुसऱ्या मोटारीनं त्यांच्या गाडीला धडक दिली. मुंडे मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. गाडीची मोडतोड पाहिली तर कुणाला वाटावं, यात माणूस जाण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी परळीत अंत्यसंस्काराला लोटलेला जनसागर आणि त्याचा संताप महाराष्ट्रानं पाहिला. मग मागणी झाली ती सीबीआय चौकशीची. चौकशी झाली, घातपात निघाला नाही, ज्यांना पटायचं नव्हतं त्यांना पटलं नाही. पण त्या वर्षी बीडमध्ये मागच्या सीटवर पट्टा लावणारा माणूस शोधून सापडला नसता. नियम तेव्हाही होता. पोस्टर लागले, चौकांना नावं दिली गेली, रुग्णवाहिका लोकार्पण झाल्या. गाडीत बसल्यावर हात मात्र पट्ट्याकडे गेला नाही.

दशक संपता संपता येडशी ते औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) चौपदरीकरण पूर्ण होत आलं आणि बीडला बाह्यवळण मिळालं. मधे दुभाजक, दोन्हीकडे दोन-दोन पदर, पाडळशिंगीला टोल. शहरात उरलेल्या जुन्या महामार्गाला लोक 'बायपास टू बायपास' म्हणू लागले. ट्रक गावाबाहेर गेले, शिवाजी चौकानं श्वास घेतला. हे चांगलंच झालं, याबद्दल दुमत नको.

पण दुभाजकासोबत राँग साइड जन्माला आली. आधी रस्ता सगळ्यांचा होता, आता त्याला जाण्याची आणि येण्याची अशा दोन बाजू पडल्या. ज्याचं शेत, पंप, ढाबा किंवा फाटा समोरच्या बाजूला, त्याला कट शोधत पुढे जाणं आलं. समजा पंप दोनशे मीटर मागे आहे आणि कट दोन किलोमीटर पुढे. नियमानं जायचं तर चार किलोमीटरचा फेरा, उलटं जायचं तर दोनशे मीटर. पेट्रोलचा भाव आणि दुधाची वेळ बघता माणूस काय करेल, हे सांगायला वाहतूकतज्ज्ञ लागत नाही. शिवाय ज्या गावांना सर्व्हिस रोड मिळाला तिथं तो मधेच संपतो, नाहीतर त्यावर ट्रक लावलेले असतात, खडीचा ढीग असतो, टपऱ्या असतात.

संध्याकाळी सातच्या सुमारास बायपासवरच्या कुठल्याही कटाजवळ उभं राहा. एक मोटारसायकल येते, त्यावर तिघं, मधल्याच्या मांडीवर दुधाची किटली. ती दुभाजकाला घासून उलटी चाललेली. दिवा लागत नाही म्हणून मागच्यानं मोबाईलचा टॉर्च धरलेला. "अय दादा, राँग साइडनं कुठं?" असं कुणी ओरडलं तर उत्तर तयार असतं, "इथंच जायलोय, पंपापर्यंत." समोरून ऐंशीच्या वेगानं कंटेनर येतो आहे. मोटारसायकलचे चाळीस धरले तर दोघांमधलं अंतर ताशी एकशे वीस किलोमीटरच्या गतीनं आटतं, म्हणजे सेकंदाला तेहेतीस मीटर. तीन सेकंदांत शंभर मीटर संपले. आणि चौपदरी रस्त्यावरचा चालक समोरून कुणी येईल या अपेक्षेनं गाडी चालवतच नसतो. त्याच्यासाठीच तर मधे दुभाजक घातला आहे. जुन्या २११ वर निदान दोघेही सावध असायचे.

दसरा-दिवाळीनंतर यात उसाच्या गाड्यांची भर पडते. ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून बीडची ओळख. टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, तसा जिल्ह्यातल्या कारखान्यांचाही हंगाम पेटतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर दोन्हीकडे हातभर लोंबणारा ऊस, मागे रिफ्लेक्टर असला तर तो चिखलानं माखलेला, आणि टेपवर गाणं इतकं जोरात की मागच्याचा हॉर्न ऐकू येणं अशक्य. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर अरुंद कटात वळवायचा म्हणजे दोन्ही पदर अडतात, म्हणून बरेच चालक वळतच नाहीत, उलटेच पुढच्या फाट्यापर्यंत जातात. त्यांना शिव्या घालणं सोपं आहे. खेपेवर पैसे मिळणाऱ्या माणसाला चार किलोमीटरचा फेरा कोण भरून देणार, हा प्रश्न कारखान्याच्या यार्डात कुणी विचारत नाही.

याच काळात कायदाही बदलला. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातली सुधारणा लागू झाली. कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवणं म्हणजे काय ते स्पष्ट लिहिलं गेलं: लाल दिवा तोडणं, गाडी चालवताना मोबाईल हातात धरणं आणि वाहतुकीच्या ठरलेल्या प्रवाहाविरुद्ध जाणं. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत कैद. महाराष्ट्रात मात्र विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. तत्कालीन परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी वाढीव दंडाला इथं स्थगिती दिली. नवे दंड राज्यात लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडलं. सव्वादोन वर्षं. इतका वेळ दंड लांबणीवर टाकला तर लोकांना त्याचा एकच अर्थ कळतो, आणि तो चुकीचा कळला असं म्हणता येणार नाही.

१४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे बीडकडून मुंबईला मराठा आरक्षणाच्या बैठकीसाठी निघालेले बीडचे नेते विनायक मेटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर माडप बोगद्याजवळच्या अपघातात गेले. जिल्ह्यानं आठ वर्षांत गमावलेला हा दुसरा मोठा नेता, आणि दोघंही रस्त्यावर. पुन्हा तेच झालं. घातपाताची चर्चा, सीआयडीची चौकशी, वाहिन्यांवर ट्रकचा माग. चौकशीअंती गुन्हा नोंदला गेला तो मेटे यांच्याच गाडीच्या चालकावर. त्यानंतर द्रुतगती मार्गावर लेनची शिस्त, अवजड वाहनांनी डावीकडेच राहणं, कॅमेऱ्यांची यंत्रणा हे सगळं ऐरणीवर आलं. तीनच आठवड्यांनी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीचा अपघात झाला आणि मागच्या सीटच्या पट्ट्यावर देशभर बोललं गेलं. मुंबईत त्याची सक्ती जाहीर झाली. बीडमध्ये मात्र आजही मागच्या सीटवर पट्टा लावला की चालक विचारतो, "का हो, माझ्या चालवण्यावर भरवसा नाही का?"

त्याच वर्षाचे देशाचे आकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं दिले आहेत. २०२२ मध्ये भारतात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं रस्त्यावर मेली, त्यातली पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रात. उलट्या बाजूनं वाहन चालवण्यामुळे गेलेल्यांचं प्रमाण ५.४ टक्के, म्हणजे नऊ हजारांवर. वेगाच्या खालोखाल हेच कारण. पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण वेग कमी करायला यंत्रणा लागते. उलटं न जाण्यासाठी यंत्रणा लागत नाही.

शहरातलं चित्र वेगळं आहे, म्हणून थोडक्यात. जुनं बीड वेशींचं गाव: राजुरी वेस, माळीवेस, कोतवाली वेस. गल्ल्या पायी चालणाऱ्यांसाठी आखलेल्या. सुभाष रोडवर किंवा बलभीम चौकात उलटी आलेली स्कूटी कुणाला मारत नाही, फक्त सगळ्यांना अडवते. चार वाजता शिकवण्या सुटल्या की अठरा न भरलेली मुलं एका गाडीवर तिघं-तिघं बाहेर पडतात आणि त्यांना गाडी देणारे पालक पुढच्या चौकात हॉर्न वाजवत उभे असतात. गर्दीच्या शहरी रस्त्याला वेगाची मर्यादा गर्दीच घालते. महामार्गावर ती घालणारं कुणी नाही, म्हणून माझा सगळा रोख तिकडे आहे.

बीडचा स्वतःचा असा एक रोग मात्र शहरात नीट दिसतो. वाहतूक शाखेचा हवालदार गाडी अडवतो. गाडीवाला उतरत नाही. खिशातून मोबाईल काढतो, नंबर लावतो आणि फोन हवालदारापुढे धरतो, "घ्या, बोला." पलीकडे नगरसेवक असतो, कुणाचा तरी पीए असतो, कधी नुसताच भाऊ असतो. हवालदार बोलतो, फोन परत देतो, गाडी जाते. मागे थांबलेले पाच जण हे पाहतात आणि आपापल्या फोनमधले नंबर आठवतात. ज्याच्याकडे नंबर नाही तोच दंड भरतो. ई-चलान आल्यावर हा सौदा चौकातून हलला, पण थकलेली चलानं लोकअदालतीपर्यंत साचू द्यायची आणि तिथं तडजोड करायची, ही वाट लोकांनी लवकर शोधली.

डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि बीडमधल्या या 'कुणाचा माणूस' व्यवस्थेची चर्चा राज्यभर झाली. त्यानंतर आलेले पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावपट्ट्यांवरून आडनाव काढून टाकलं. जात बघून पोलिसाकडे जाणं थांबावं म्हणून. निर्णय प्रतीकात्मक म्हणून काहींनी हसण्यावारी नेला. मला तो वाहतुकीच्या दृष्टीनंही महत्त्वाचा वाटतो. चौकातल्या हवालदाराला आडनाव नसेल तर त्याच्याशी ओळख काढायची पहिली पायरीच जाते. दुसरी पायरी, म्हणजे तो पुढे केलेला फोन, अजून शाबूत आहे. तो फोन घ्यायचा नाही, असा लेखी आदेश निघाला तर बीडच्या वाहतुकीत एका महिन्यात फरक पडेल.

२०२५ साल महामार्गासाठी वाईट गेलं. २६ मे च्या रात्री गेवराई तालुक्यात गढीजवळ दुभाजकावर चढलेली गाडी काढायला उतरलेल्या सहा जणांना ट्रकनं चिरडलं. ३० ऑगस्टला शनिवारी सकाळी पेंडगावच्या मारुतीला पायी निघालेले सहा भाविक नामलगाव फाट्याजवळ कंटेनरखाली गेले. यात राँग साइडवर कुणीच नव्हतं. पण दोन्ही घटनांत एक गोष्ट समान आहे: वेगासाठी बांधलेल्या रस्त्यावर पायी माणसं होती आणि त्यांना उभं राहायला, चालायला वेगळी जागा नव्हती. शनिवारी पेंडगावला लोक चालत जातात हे पिढ्यानपिढ्या माहीत आहे. रस्ता आखणाऱ्याला कुणी सांगितलं नसेल, किंवा त्यानं विचारलं नसेल.

त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरात पहिल्यांदा प्रवासी रेल्वे आली. तोवर पुण्या-मुंबईला जायचं तर एसटी, रात्रीची ट्रॅव्हल्स, नाहीतर स्वतःची गाडी, असे रस्त्यावरचेच पर्याय होते. रेल्वेनं रस्त्यावरचा भार किती हलका होईल ते गाड्या किती आणि कुठवर धावतात यावर ठरेल. दूधवाला, उसाचा ट्रॅक्टर आणि फाट्यावरचा शेतकरी मात्र रेल्वेत बसणार नाहीत.

म्हणून मागणी रस्त्याबद्दलच करायला हवी. पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले की तो ब्लॅक स्पॉट ठरतो, असा केंद्राचा निकष आहे. म्हणजे माणसं मेल्यावर जागा सापडते. जिल्हाधिकारी जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष असतात. येत्या गाळप हंगामाआधी या समितीनं गेवराईपासून चौसाळ्यापर्यंत महामार्गावर पायी फिरून, लोक कुठून उलटे जातात त्या जागांची यादी करावी. या जागा दुभाजकावरच्या टायरच्या खुणांवरून सहज दिसतात. प्रत्येक जागेला कट, भुयारी मार्ग किंवा अखंड सर्व्हिस रोड यांतलं काय द्यायचं ते तारखेसह जाहीर करावं. कारखान्यांनी रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली काट्यावर घेऊ नये. एवढं झाल्यावरही जो उलटा येईल, त्याचं वाहन जप्त करा, आणि त्यानं पुढे केलेला फोन घेऊ नका.