नव्याचे नऊ दिवस आणि पुढची पंधरा वर्षे

आपल्या संस्थेच्या ग्रामीण आरोग्य शिबिरांसाठी घेतलेली नवी पिकअप गाडी या वर्षी दारात आली. गाडीला हार घातला गेला, नारळ वाढवला गेला, चाकांखाली लिंबे ठेवली गेली, पेढे वाटले गेले. के.ए. २२ ची नवी पाटी मिरवणाऱ्या त्या पांढऱ्या गाडीसमोर उभे राहून प्रत्येकाने छायाचित्र काढून घेतले. स्मरणिकेच्या संपादकांनी नेहमीप्रमाणे मला बालकांच्या आहारावर लिहिण्याचा आग्रह केला; परंतु या वेळी मी त्यांच्याकडे विषय बदलण्याची परवानगी मागितली. बालरोगतज्ज्ञाने गाडीच्या निगेवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. त्यामागे दोन कारणे आहेत. माझे वडील राज्य परिवहनाच्या आगारात यांत्रिक विभागात होते, त्यामुळे ग्रीसचा आणि डिझेलचा वास मला औषधांच्या वासाच्या आधी परिचयाचा झाला. दुसरे कारण अधिक गंभीर असून ते आपल्या जुन्या गाडीशी निगडित आहे.

जुन्या गाडीचे काय झाले

आपल्याला देणगीदाखल मिळालेली पहिली गाडी आठ वर्षे चालली. तिला कोणताही अपघात झाला नाही. रेडिएटरमधून थोडे थोडे पाणी गळत होते आणि जो कोणी गाडी नेई तो वाटेतल्या नळाचे किंवा ओढ्याचे पाणी त्यात ओतून पुढे जाई. दोन उन्हाळे हे असे चालले. पुढे एका चढावर इंजिन तापले, हेड गॅस्केट उडाले आणि दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीहून अधिक निघाला. गाडी नेणारे अनेक होते, मात्र गाडी कोणाच्याच नावावर सोपवलेली नव्हती.

त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ जांबोटी-कणकुंबी भागातील आपली शिबिरे अनियमित झाली. शिबिर म्हणजे सर्दी-खोकल्याच्या बाटल्या वाटणे, अशी समजूत असणाऱ्यांसाठी सांगतो. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपांना इजा झालेल्या मुलांना दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन द्यावे लागते, आणि तेही कित्येक वर्षे. ते चुकले, पुन्हा घसा बिघडला आणि ताप उलटला, तर झडपेची इजा वाढते. त्या काळात तेथील एका वाडीवरच्या अकरा वर्षांच्या मुलीची अनेक इंजेक्शने चुकली. ती पुढे माझ्याकडे आली ती पायऱ्या चढताना धाप लागते म्हणून. तिच्या वडिलांनी कोणाला दोष दिला नाही. ते एवढेच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गाडी येईना झाली." नव्या गाडीकडे पाहताना मला ते वाक्य आठवते, आणि म्हणूनच पुढील मजकूर लिहिण्याचे धाडस करीत आहे.

पहिले हजार किलोमीटर

नवजात अर्भकाचे पहिले दिवस जसे जपावयाचे, तसे नव्या इंजिनाचे पहिले हजार किलोमीटर. आत एकमेकांवर घासणारे धातूचे पृष्ठभाग या काळात परस्परांशी जुळून येतात. तेव्हा पूर्ण भार लादू नये, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नये, आणि महामार्गावर तासन्‌तास एकाच वेगाने पळवू नये. वरच्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरत ओढणे हेही तितकेच घातक. कंपनीच्या पुस्तिकेत पहिल्या सर्व्हिसिंगची जी मर्यादा दिली आहे, ती किलोमीटरमध्येही असते आणि महिन्यांमध्येही. दोहोंपैकी जी आधी येईल ती पाळावयाची. आपली गाडी कमी फिरते, म्हणून आपल्यासाठी बहुधा महिन्यांची मर्यादाच आधी येईल, हे कार्यकारिणीने ध्यानात ठेवावे.

रोजची पाच मिनिटे

आगारात बस बाहेर पडण्यापूर्वी तपासली जाई. वडील सांगत, की गाडी बंद पडण्याआधी पुष्कळ दिवस काहीतरी सांगत असते, ऐकणारा हवा. आमच्या शास्त्रातही आईने सांगितलेले लक्षण तपासणीइतकेच मोलाचे असते.

सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी, गाडी सपाट जागेवर असताना, तेलाची पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या मध्ये असली पाहिजे. वरच्या खुणेहून अधिक तेल भरणेही अपायकारक असते. कूलंटची पातळी बाहेरच्या टाकीवरील खुणांवरून पाहावी. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये; भाजलेले हात मी पुरेसे पाहिले आहेत. गाडीखाली जमिनीवर डाग पडला आहे काय, हे वाकून पाहावे. चारही टायर आणि स्टेपनी यांच्यावर नजर टाकावी. दिवे, हॉर्न, वायपर तपासावेत. या साऱ्याला पाच मिनिटे पुरतात.

तेल, पाणी आणि हवा

इंजिन ऑईल केवळ वंगण नव्हे; ते उष्णता वाहून नेते आणि काजळी आपल्यात सामावून घेते. म्हणून ते काळे दिसले की बिघडले असे नव्हे. डिझेल इंजिनात ते लवकरच काळे होते. ते ठरलेल्या मुदतीत बदलणे आणि प्रत्येक वेळी त्याचा फिल्टरही बदलणे, हा गाडीच्या दीर्घायुष्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

रेडिएटरमध्ये नळाचे पाणी नको. त्यातील क्षार आत साचतात आणि गंज धरतो. कूलंट हे क्षारविरहित पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण असून त्यात गंजरोधक द्रव्ये असतात. त्याने पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. पातळी वारंवार उतरत असेल तर वरून भरत राहण्याऐवजी गळती शोधावी. जुन्या गाडीने हा धडा आपल्याला पुरेशा किमतीत शिकवला आहे.

खानापूर तालुक्यातील जांभ्याची तांबडी धूळ आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. ती एअर फिल्टरमध्ये बसली की इंजिनाला श्वास घेता येत नाही. फिल्टर फाटला तर तीच धूळ सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टनच्या रिंगा झिजवते. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यांची शिबिरे असतील तेव्हा पुस्तिकेतील मुदतीची वाट न पाहता फिल्टर काढून पाहावा.

डिझेलमधील पाण्याकडे दुर्लक्ष नको. आजच्या इंजिनात डिझेल हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक दाबाने इंजेक्टरमधून फवारले जाते. तेथे पाण्याचा अंश पोहोचला तर होणारा खर्च वर्षभराच्या सर्व सर्व्हिसिंगपेक्षा मोठा असतो. डिझेल फिल्टरखाली साचलेले पाणी वेळोवेळी सोडावे, पाण्याचा इशारा देणारा दिवा लागल्यास गाडी पुढे रेटू नये, आणि डिझेल नेहमीच्या, वर्दळीच्या पंपावरच भरावे.

बीएस-६ गाडीचे पथ्य

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले. बऱ्याच बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. ही गाळणी साचलेली काजळी स्वतःच जाळून टाकते, परंतु त्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो. आठवडाभर उभी राहणारी आणि मग बाजारपेठेत दोन-दोन किलोमीटर फिरणारी गाडी ही संधी गाळणीला देतच नाही, ती तुंबते. उपाय सोपा आहे. पुस्तिकेत सांगितले असेल त्याप्रमाणे अधूनमधून गाडी राष्ट्रीय महामार्ग ४८ वर सलग वेगाने चालवून आणावी, आणि गाळणीचा दिवा लागला असताना इंजिन मध्येच बंद करू नये. अशा इंजिनात कमी राख सोडणारे, पुस्तिकेत नमूद केलेल्या दर्जाचेच ऑईल घालावे. स्वस्त म्हणून जुन्या दर्जाचे ऑईल घातले, तर त्याची राख गाळणीत कायमची बसते. ती जळून जात नाही.

टर्बोविषयी एक वाक्य. लांब चढ चढून आल्यावर किल्ली लगेच फिरवू नये. इंजिन मिनिटभर शांत चालू ठेवावे, म्हणजे तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगला तेल मिळत राहते.

भार आणि उतार

पिकअपचे मागचे पाटे भार वाहण्यासाठीच असतात, म्हणून ती कितीही ओझे उचलेल असे मानण्याची प्रवृत्ती असते. गाडीच्या कागदपत्रांत लिहिलेल्या क्षमतेपलीकडे भार टाकला, की पाटे, टायर, क्लच, ब्रेक आणि चाकांचे बेअरिंग अशा पाच ठिकाणी तिचे आयुष्य एकाच वेळी कमी होते. टेबले, खुर्च्या, औषधांच्या पेट्या यांचा भार आपल्याला फारसा अडवणार नाही. मोह होतो तो परतीच्या वाटेवर कोणाचे तरी तांदळाचे पोते, कोणाची तरी लाकडे घेण्याचा. तसेच हौद्यात माणसे बसवू नयेत. मालवाहू गाडीत माणसे नेणे कायद्याने निषिद्ध आहे, आणि हौद्यातून फेकली गेलेली मुले तपासण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्याला कायदा सांगावा लागत नाही.

कणकुंबीच्या पुढे चोर्ला घाट उतरताना ब्रेकवर सतत पाय ठेवू नये. खालचा गिअर टाकून इंजिनाकरवी वेग आवरावा. ब्रेक ऑईल हवेतील आर्द्रता शोषून घेते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि लांब उतारावर ब्रेक दगा देऊ शकतात. गाडी कितीही कमी फिरली असली तरी ते साधारण दोन वर्षांनी बदलावे.

पावसाळ्याआधी आणि नंतर

आपल्या पश्चिमेकडील गावांतला पाऊस कोणाला सांगावयास नको. मे महिन्यातच वायपरचे रबर, टायरची झीज आणि दरवाजांची रबरे पाहून घ्यावीत. पावसाळ्यात चेसिसवर बसलेला चिखल ओलावा धरून ठेवतो आणि गंज तेथूनच सुरू होतो. म्हणून गाडी वरून पुसण्यापेक्षा खालून धुणे अधिक महत्त्वाचे. पाऊस ओसरल्यावर प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांना नवे ग्रीस भरावे, पाट्यांचे यू-बोल्ट आवळून घ्यावेत, हौद्याचा रंग उडालेल्या जागा गंजरोधक रंगाने झाकाव्यात. बॅटरीची टोके स्वच्छ करून त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी. ती आपल्यापैकी प्रत्येकाच्या दवाखान्यात असतेच.

वाढीच्या नोंदीसारखी एक वही

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक बाळाचे एक कार्ड असते. त्यावर वजनाची रेषा आणि लसींच्या तारखा असतात. बाळ हसतमुख दिसत असले तरी रेषा सपाट झाली की मी सावध होतो. गाडीसाठी अशीच एक जाड पुठ्ठ्याची वही असावी. तिच्यात तारीख, किलोमीटर, भरलेले डिझेल, वरून घातलेले ऑईल, बदललेला भाग आणि चालकाने ऐकलेला कोणताही नवा आवाज लिहावा. एका लिटरला मिळणारे अंतर हळूहळू कमी होत गेले, तर ती गाडीची सपाट झालेली रेषा समजावी. विमा, पी.यू.सी. आणि पासिंग यांच्या तारखा पहिल्याच पानावर हव्यात. नव्या मालवाहू गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करून घ्यावे लागते.

ही वही कोणाच्या हाती असावी, हा खरा प्रश्न आहे. माझी कार्यकारिणीला तीन नम्र सूचना आहेत. गाडी एकाच नेमलेल्या चालकाकडे असावी, आणि त्याने "गाडीत काहीतरी बिघाड आहे" असे सांगितल्यास शिबिराची तारीख पुढे ढकलण्याचा अधिकार त्याला असावा. सभासदांपैकी एकाने वर्षभर गाडीचे पालकत्व घ्यावे आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वही तपासून सही करावी. आणि देणग्यांतून काही रक्कम टायर, बॅटरी व क्लच यांसाठी दरमहा स्वतंत्र खात्यात ठेवावी; कारण हे भाग झिजणारच आहेत, आणि देणगीदार नव्या गाडीसाठी जसा उत्साहाने पुढे येतो तसा जुन्या गाडीच्या क्लचसाठी येत नाही.

पहिल्या वर्षाचे पालकत्व मी मागून घेतले आहे. चालकाशी बोलून वही सुरू केली असून ती संस्थेच्या कार्यालयात, औषधांच्या कपाटाशेजारच्या खिळ्याला टांगलेली आहे. ती मुलगी आता नियमित इंजेक्शन घेते. तिची पुढची तारीख मी त्याच वहीच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस लिहून ठेवली आहे, आणि इतर मुलांच्या तारखाही तेथे लिहीत आहे. कार्यालयात येणाऱ्या सभासदांनी सवडीने ती वही उघडून पाहावी, काही सुचले तर तीत लिहावे, आणि पुढील वर्षी पालकत्व घेण्यास कोण तयार आहे तेही कळवावे, ही विनंती.