गरीब देशात बेरोजगारी कमी, श्रीमंत देशात जास्त… असं कसं?

२०२४ मध्ये स्पेनचा बेरोजगारी दर होता सुमारे ११ टक्के. भारताचा २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के. मग आपल्याकडे कामं जास्त आहेत का? तसं नाही.

दर मोजतात कसा?
काम करणारे आणि काम शोधणारे मिळून श्रमशक्ती होते. त्यातले रिकामे किती, हा बेरोजगारी दर. ज्यांनी शोधणंच सोडलं, ते यात मोजलेच जात नाहीत.

मेळघाटातलं सेमाडोह घ्या
इथल्या कोरकू भागात पावसाळ्यात शेती, उन्हाळ्यात मोहफुलं, अधूनमधून रोहयो, नाहीतर गाव सोडून मजुरी. रिकामं बसणं परवडत नाही. सरकारी सर्वेक्षणात वर्षातले ३० दिवस काम केलेला माणूसही रोजगारात धरला जाऊ शकतो. स्पेनमध्ये आधी नोकरी केलेल्यांना बेकारी भत्ता मिळतो, त्यामुळे मनासारखं काम शोधायला थोडा वेळ मिळतो.

सहभाग जास्त म्हणजे सुबत्ता?
तेही नाही. २०२३-२४ मध्ये ग्रामीण महिलांचा श्रमशक्तीतला सहभाग ४७.६ टक्के होता, शहरी महिलांचा २८. घरच्या शेतात बिनपगारी राबणारीही यात ‘कामावर’ असते.

म्हणून ‘बेरोजगारी घटली’ अशी पोस्ट दिसली, की विचारा: सहभाग किती? काम किती दिवस? आणि हातात पैसे किती?