एकट्याचा धंदा आणि सरकारी अनुदान

किन्हवली व आसपासच्या गावांत भात हे मुख्य पीक. सुगी आटोपली की पुष्कळांच्या हातास पुरेसे काम उरत नाही. मग कोणी पिठाची गिरणी टाकावी म्हणतो, कोणी पापड-लोणची करून विकावी म्हणतो, तर कोणी सुतारकामाची नवी हत्यारे घेण्याचा विचार करतो. संस्था नाही, भागीदार नाही; धंदा एकट्याच्याच नावावर. अशा माणसाचा पहिला प्रश्न असतो, “सरकारकडून किती मिळेल?” परंतु त्याआधी त्याने स्वतःस विचारावे, “अनुदानास उशीर झाला तरी माझा धंदा तग धरील काय?”

अनुदान म्हणजे धंदा सुरू करण्याआधी हाती पडणारी रोकड नव्हे. बहुतेक योजनांत ते बँकेच्या कर्जाशी जोडलेले असते. कर्ज मंजूर झाले तरच अनुदान मिळते.

कोणास कोणती योजना?

नवा धंदा काढणारासाठी २००८ साली पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू झाला. ग्रामीण भागात सर्वसाधारण अर्जदारास प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के अनुदान व १० टक्के स्वतःची रक्कम, तर स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग इत्यादींना ३५ टक्के अनुदान व ५ टक्के स्वतःची रक्कम, असे याचे प्रमाण आहे. महाराष्ट्र शासनानेही २०१९ साली याच धर्तीवर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम काढला. यांसाठी ठाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्राकडे चौकशी करावी.

भात सडणे, दळण, पापड, मसाले असे अन्नप्रक्रियेचे काम पूर्वीपासून करणारासही २०२० सालच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, अनुदानाची तरतूद करण्यात आली. ही योजना आपल्या राज्यात कृषी विभागाकडे सोपविलेली आहे.

सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, टोपल्या विणणारे अशा १८ व्यवसायांसाठी २०२३ साली पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत व ५ टक्के व्याजाने कर्ज आहे. कुटुंबातील एकासच लाभ मिळतो.

पहिल्या केंद्रीय कार्यक्रमाची व अन्नप्रक्रिया योजनेची मंजुरी २०२५-२६ पर्यंतची, तर विश्वकर्मा योजनेची २०२७-२८ पर्यंतची धरलेली होती. म्हणून अर्ज करण्यापूर्वी चालू मुदत व दर कार्यालयात विचारून घ्यावेत.

एक हिशेब

समजा, एका आदिवासी शेतकऱ्यास रोजगार निर्मिती कार्यक्रमातून २ लाख रुपयांची गिरणी टाकावयाची आहे. त्याचे स्वतःचे १०,००० व बँकेचे १,९०,००० रुपये. अनुदान ७०,००० रुपये. पण ते त्याच्या हाती येत नाही. बँकेत त्याच्या नावे तीन वर्षे ठेव म्हणून राहते व नंतर पाहणी होऊन कर्जात वळते होते. तेवढ्या रकमेवर बँक व्याज आकारीत नाही. म्हणजे १,२०,००० रुपये व त्यांवरील व्याज त्याने गिरणीच्या कमाईतूनच फेडावयाचे. पहिल्या तीन वर्षांत गिरणी बंद पडली, तर अनुदान हातचे जाते आणि कर्ज मात्र डोक्यावर राहते. म्हणून गावात आधी किती गिरण्या आहेत, थ्री-फेज वीज मिळेल काय, पावसाळ्यात दळण किती येईल, हे आधी पाहावे.

तयारी व सावधगिरी

आधार, पॅन, बँक पासबुक, जातीचा दाखला, जागेचा उतारा किंवा भाडेकरार, यंत्राचे दरपत्रक आणि प्रकल्प अहवाल एका फाइलीत ठेवावेत. उद्यम नोंदणी विनामूल्य होते. खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान धंद्यास अन्नसुरक्षेची नोंदणी आवश्यक आहे.

मंजुरीपूर्वी यंत्र विकत घेऊ नये. अनुदान येईल या भरवशावर सावकाराचे कर्ज काढू नये किंवा दागिने मोडू नयेत. रोजगार निर्मिती कार्यक्रमातील पहिले साहाय्य नव्या धंद्यासच मिळते. घाई करणाराचा अर्ज तेथेच अडतो. “मंजुरी आणून देतो” असे म्हणून टक्केवारी मागणारास एक पैसाही देऊ नये. अन्नप्रक्रिया योजनेत अर्जदारास मदत करणाऱ्या जिल्हा संसाधन व्यक्तीस मोबदला योजनेतूनच देण्याची सोय केलेली आहे. रोजगार निर्मिती कार्यक्रमात १० लाखांपर्यंतच्या कर्जास बँकेने तारण मागावयाचे नाही, हेही ध्यानात असावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी केवळ अर्ज भरून थांबू नये. अर्जदारासोबत बसून वरचा हिशेब त्याच्याच आकड्यांनी मांडावा आणि हप्ता झेपत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. अंथरूण पाहून पाय पसरणाराचाच धंदा टिकतो, आणि टिकलेल्या धंद्यासच अनुदान लाभते.