होडीचा नांगर : वजनापेक्षा पकड महत्त्वाची



पलीकडच्या खाजणात शेणखत, रोपांच्या मुठी न्यायला आणि परत येताना पेंढा आणायला आपल्यापैकी पुष्कळांकडे अठरा-वीस फुटी होडी असते. होडी काठाजवळ नांगरून माणसे लावणीला उतरतात आणि संध्याकाळी येऊन पाहतात तो होडी जागेवर नाही! पावसाळ्यात तर नदीचा लोंढा आणि ओहोटी एकाच दिशेने ओढतात. रिकामी होडी गेली तर पैशाचे नुकसान. आत माणूस असला तर तो थेट खाडीच्या मुखाकडे, फुटणाऱ्या लाटांत जातो.

आता कोणी म्हणेल, हा शेतीखात्यातला माणूस, ह्याला पाण्यातले काय कळते? पण बैलांचा नांगर आणि होडीचा नांगर यांना आपण एकच नाव दिले आहे, ते काही उगाच नाही. नांगरट करताना फाळ जमिनीत का राहतो? ओढ आडवी असते म्हणून. इसाड वर उचलले की फाळ सुटला. होडीच्या नांगराचेही तसेच आहे. तो वजनाने धरत नाही, तळात रुतून धरतो. आणि ओढ तळालगत आडवी असेल तरच रुततो. १९३३ साली इंग्लंडमधले शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी तर शेतातल्या नांगराच्या फाळासारखे पाते असलेला नांगर तयार केला. तसले नांगर आजही लहान बोटींवर दिसतात.

काही जण दोराला मोठा दगड बांधून भागवतात. वारा पडलेला असताना घटकाभर गळ टाकून बसायला ते ठीक आहे. पण १५ किलोचा काळा दगड पाण्यात जेमतेम १० किलो भरतो. जांभा त्याहून हलका. शिवाय दगड रुतत नाही, ओढ लागली की घसरत जातो. लोखंडाचे वजन मात्र पाण्यात आठव्या हिश्शानेच घटते.

तळ पाहून नांगर घ्यावा. खडकाळ तळाला चार आकड्यांचा नांगर चांगला, कारण आकडा कपारीत अडकतो. आपल्या खाड्यांत बहुतेक चिखल किंवा रेती. चिखलात हे बारीक आकडे काट्यासारखे फाडत निघून येतात. तिथे दोन रुंद, चपट्या पात्यांचा नांगर हवा. अठरा-वीस फुटी होडीला असा सहा ते आठ किलोचा नांगर घ्यावा. भरलेली होडी उभी ठेवायची असेल तर त्याहून थोडा जड.

नांगर चांगला असूनही होडी वाहते, तेव्हा बहुतेक वेळा दोर आखूड असतो. दोराचा हिशेब भरतीच्या पाण्यावर करायचा, ओहोटीच्या नव्हे. समजा, नांगर टाकताना ओहोटीचे २ मीटर पाणी आहे. उधाणाला आणखी अडीच मीटर चढेल. होडीचे नाक पाण्यावर अर्धा मीटर. झाले ५ मीटर, म्हणजे पावणेतीन वाव. याच्या पाचपट, २५ मीटर दोर सोडावा. वारा किंवा लोंढा असेल तर सातपट, ३५ मीटर. सकाळी दहा मीटर दोरावर निवांत उभी असलेली होडी दुपारच्या भरतीला नांगर सरळ वर उचलते, ती याचमुळे. मात्र लांब दोरावर होडी गोल फिरते. शेजारच्या होड्यांपासून तेवढे अंतर ठेवावे.

नांगर आणि दोर यांच्यामध्ये तीन मीटर साखळी घालावी. तिच्या वजनाने ओढ तळाशी राहते आणि कालवांच्या धारेवर दोर कापत नाही. दोर नायलॉनचा, बोटाएवढा जाड. तो ताणतो, झटका सोसतो. तरंगणारा स्वस्त प्लॅस्टिकचा दोर उन्हाने लवकर कुजतो आणि इंजिनच्या पंख्यात गुंततो. होडीच्या काठावर दोर घासतो तिथे सायकलची जुनी ट्यूब गुंडाळावी.

नांगर भिरकावू नये. दोराचे शेवटचे टोक आधी होडीला बांधावे, दोराच्या वेटोळ्यात पाय नाही हे पाहावे. होडीचे नाक प्रवाहाकडे करून नांगर सावकाश सोडावा. होडी मागे जाईल तसा दोर द्यावा, मग नाकाला बांधावा. मागच्या बाजूला कधीही बांधू नये. मागची बाजू बुटकी, प्रवाहात पाणी आत येऊन होडी बुडते. नंतर काठावरचा एक माड आणि त्यामागचे एखादे घर एका रेषेत धरून ठेवावे. थोड्या वेळाने दोन्ही वेगळी दिसली आणि होडी नुसती फिरलेली नसली, तर नांगर सरकतो आहे असे समजावे. आणखी दोर द्यावा. तरी सरकला तर उचलून दुसरीकडे टाकावा.

खडकात टाकताना नांगराच्या डोक्याला वेगळी बारीक दोरी आणि तिला रिकामा डबा बांधावा. अडकला तर त्या दोरीने उलटा ओढून सुटतो. दोरी नसेल तर दोर आखूड बांधून भरतीला नांगर उचलू देतात. तसे करताना होडीत माल नसावा आणि कोयता हाताशी असावा. नाक दबून पाणी आत येऊ लागले की दोर तोडावा.